गोळ्यांनी न थांबणारी मिरगी आणि कमी पिठूळ आहार : मेंदूत नेमके काय घडते?

मिरगी म्हणजे अपस्मार. कुणी फेफरे म्हणतो, कुणी फिट किंवा आकडी म्हणतो. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. वेळेवर इलाज मिळाला तर १० पैकी ७ जणांचे झटके थांबू शकतात. उरलेल्या घरांचे हाल मात्र वेगळेच असतात. गोळ्या बदलून पाहिल्या, तावीज बांधून झाला, कांदा-चप्पल हुंगवून झाली, तरी पोराचे झटके थांबत नाहीत. त्यांच्यासाठी ही माहिती आम्ही देत आहोत.

औषधाला दाद न देणारी मिरगी म्हणजे काय?

योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत, नेमाने घेऊनही झटके चालूच राहिले, तर तिला असे म्हणतात. ही व्याख्या अपस्माराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० साली ठरवली. गोळ्या मध्येच सोडल्यामुळे आलेला झटका यात मोजत नाहीत. अशा वेळी शस्त्रक्रिया होऊ शकते का, हे डॉक्टर आधी पाहतात. दुसरा मार्ग म्हणजे कीटोजेनिक आहार, म्हणजे भरपूर स्निग्ध पदार्थ आणि अगदी कमी भात, भाकरी, साखर.

ही कल्पना आली कुठून?

उपाशी राहिल्यावर झटके कमी होतात, हे जुन्या तबीबांनाही ठाऊक होते. १९११ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी त्याची नोंद केली. पण माणूस कायम उपाशी कसा राहणार? १९२१ साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधील डॉ. रसेल वाइल्डर यांनी तोड सुचवली : जेवण चालू ठेवायचे, पण शरीराला उपवासाचाच भास होईल असे.

मेंदूत काय होते?

एरवी मेंदू साखरेवर, म्हणजे ग्लुकोजवर चालतो. ती कमी मिळाली की यकृत चरबीपासून कीटोन तयार करते आणि मेंदू ते इंधन म्हणून वापरतो. झटका म्हणजे मेंदूच्या पेशींचा एकाच वेळी उठलेला गोंगाट. कीटोन आहारात पेशींना शांत करणारे ‘गाबा’ वाढते, भडकवणारे ‘ग्लुटामेट’ आवरले जाते आणि पेशीतील ऊर्जाकेंद्रे नीट चालतात, असे संशोधक मानतात. आतड्यातल्या जिवाणूंचाही यात वाटा असावा, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. सगळा उलगडा अजून झालेला नाही.

गुण किती येतो?

लंडनमध्ये १४५ मुलांवर झालेल्या चाचणीत (२००८) आहार घेणाऱ्या ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले. आहार न दिलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. दिल्लीच्या एम्समध्ये १०२ मुलांवर थोडा सोपा ‘सुधारित अ‍ॅटकिन्स’ आहार वापरला गेला (२०१३). तिथे हेच आकडे ५२ आणि ११.५ टक्के आले. मुंबईत डॉ. जनक नाथन यांनी भारतीय मुलांवर हा आहार वापरून आपला अनुभव २००९ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे हा इलाज फक्त परदेशातला नाही. पण प्रत्येकाला गुण येतोच असेही नाही.

आपल्या ताटात कसे बसते?

विवळवेढे, डहाणू, तलासरीकडे भात आणि भाकरीशिवाय जेवण नाही. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. सुधारित अ‍ॅटकिन्समध्ये मुलाला दिवसभरात साधारण १० ते २० ग्रॅमच चालतात. आपला घोलवडचा चिकूही गोड, म्हणून तोही वर्ज्य. अंडी, मासे, मटण, पनीर, तूप, तेल, खोबरे आणि पालेभाज्या चालतात, पण मोजून. सरबत, बिस्किट, शीरखुर्मा बंद. औषधाच्या गोड सिरपमध्येही साखर असते, म्हणून डॉक्टरांना गोळीबद्दल विचारा. शाळेत बाईंना आणि सरांनाही सांगून ठेवा. वाढदिवसाचे एक चॉकलेट सगळी मेहनत वाया घालवू शकते, हे आम्हा शिक्षकांना माहीत असायला हवे.

सावधान

हा आहार घरच्या घरी, मोबाइलवर पाहून सुरू करू नका. काही जन्मजात आजारांत शरीराला चरबी वापरताच येत नाही. तिथे हा आहार जिवावर बेतू शकतो. म्हणून आधी तपासण्या लागतात. बद्धकोष्ठ, उलट्या, मुतखडा, वाढ खुंटणे, कोलेस्टेरॉल वाढणे असे त्रास होऊ शकतात. जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम वरून द्यावे लागते. मेंदूविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांची देखरेख हवी. आपल्या भागातून त्यासाठी बहुधा मुंबई किंवा गुजरातेतील मोठे रुग्णालय गाठावे लागते.

साधारण तीन महिने पाहून गुण ठरवतात. गुण आला तर आहार बहुतेक दोन वर्षे चालवून हळूहळू सोडतात. मिरगीच्या गोळ्या आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत. एकदम बंद केल्यास लांबलेला, जीवघेणा झटका येऊ शकतो.

रोजा म्हणजे हा इलाज नव्हे. रमजानात चुकलेली गोळी आणि अपुरी झोप झटका आणू शकते. आजारी माणसाला रोजात सवलत आहे. रोजा धरण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि हेही लक्षात असू द्या : मिरगी ना सावली आहे ना कुणाची नजर. ती मेंदूचा आजार आहे, आणि दोन औषधे हरली म्हणून सगळे इलाज संपत नाहीत.