ढोलीचा ताळेबंद

बँकेत बावीस वर्षं लोकांच्या घरकर्जाच्या फायली हलवणाऱ्या माणसानं एकदा तरी स्वतः घर बांधावं, अशी सौभाग्यवतींची फार इच्छा होती. शेवटी मी बांधलं. सहा इंच रुंद, आठ इंच उंच, दाराच्या जागी दीड इंची भोक. राहायला येणार होती चिरंजीवांनी हट्टानं आणवलेली लव्हबर्डांची जोडी.

तपासणीअंती कळलं, की खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. आपल्याकडे त्या नावानं सर्रास खपतात ते ऑस्ट्रेलियातले बजरीगर. खातं एकाचं, सही दुसऱ्याची! कारकुनी जिवाला राहवेना. मी पाहुण्यांची कागदपत्रं काढून बसलो.

जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञानं १८०५ साली या पक्ष्याची नोंद केली. पण तो जिवंत विलायतेला पोचला १८४० साली. पक्ष्यांच्या सचित्र ग्रंथांसाठी गाजलेले जॉन गूल्ड ऑस्ट्रेलियाहून परतले, ते बजरीगर घेऊन. पक्षी वाढवून दिले होते त्यांच्या मेव्हण्यानं, चार्ल्स कॉक्सननं. मेव्हण्याकडून काही मिळाल्याची एवढी पक्की नोंद इतिहासात क्वचितच असेल. गूल्डसाहेबांची कितीतरी चित्रं काढणारी त्यांची पत्नी एलिझाबेथ मात्र पुढच्याच वर्षी वारली.

आता प्रश्न घरांचा. हा पक्षी काडी काही जमवत नाही. निलगिरीच्या जातीच्या झाडांतली आयती ढोली बघायची आणि आतल्या उघड्या लाकडावर अंडी घालायची. विलायतेत ढोल्या कुठून आणणार? मग शौकिनांनी पोखरलेले ओंडके लावले, भोक पाडलेली नारळाची करवंटी टांगली, आणि पुढे लाकडी पेटी आली. आपल्याकडे दुकानदार मडकं देतो.

आमच्याही दुकानदारानं मडकंच पुढे केलं. पण मी पडलो पदवीधर. म्हटलं, मडकं नको, शास्त्रोक्त पेटी करणार! जुन्या कपाटाच्या फळ्या, पाव किलो खिळे आणि अंगठ्याचं एक नख खर्ची पडून पेटी तयार झाली. गुण्यात केली, काटकोनात. आठवड्याभरात मादी आत शिरली आणि एक दिवसाआड करत चार अंडी झाली.

चिरंजीवांनी कॅलेंडरवर अठरा दिवस मोजले. शाळेतून आले की दप्तरासकट पिंजऱ्यापाशी. अठरावा दिवस गेला, विसावा गेला, पंचविसावा गेला. शेवटी पेटी उघडली, तर चारी अंडी चार कोपऱ्यांत, गार. मादी मधोमध बसून होती. पोरगं काही बोललं नाही. त्या रात्री ते जेवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला जाब विचारायला गेलो. त्यानं शांतपणे एक मडकं माझ्या हातात दिलं. "साहेब, याचा तळ बघा."

तळ गोल होता. ढोली गोल, करवंटी गोल, मडकं गोल. अंडी घरंगळून मधोमध यावीत, एवढी अक्कल झाडापासून कुंभारापर्यंत सगळ्यांना होती. सपाट तळ काढणारा एकटा वाणिज्य शाखेचा पदवीधर!

सुताराची पटाशी मागून आणली. जाड फळीत आमटीच्या वाटीएवढा खळगा कोरला, पॉलिश पेपरनं घासला आणि पेटीच्या तळाशी बसवला. पुढच्या खेपेला पाच अंडी झाली, तीन पिल्लं निघाली. पाचेक आठवड्यांनी एक निळं डोकं भोकातून बाहेर आलं आणि चिरंजीवांनी सगळी गल्ली गोळा केली.

रानातला बजरीगर हिरवा. पिंजऱ्यातल्या पिढ्यांत निळे झाले, पिवळे झाले, पांढरेही झाले. १८४० पासून रंग बदलला, पत्ता बदलला, निलगिरीचं झाड यांच्या खापरपणज्यानंही पाहिलं नसेल. अर्जातली मागणी मात्र अजून तीच आहे: आत अंधार, दाराला भोक, तळाला खळगा.

"एवढं जमलंय," सौभाग्यवती म्हणाल्या, "तर आता आपल्या स्वयंपाकघराचं गळकं छतही बघा."

मी पाहिलं. त्याला मात्र मडकंच बरं.