हॅलिबट मांडीवर घेत नाहीत

पायाखाली काळे, ओले गोटे आहेत आणि धुकं इतकं खाली आलंय की लाट फुटल्याचा आवाज आधी येतो, लाट नंतर दिसते. मागे डोंगर आहे. त्यावर गुडघाभर गवत आहे, पण झाड एकही नाही. हे अलास्काच्या शेपटासारख्या अल्यूशन बेटांमधलं उनालाश्का, आणि महिना ऑक्टोबर, साल 1778. तिकडे पुण्यात नाना फडणीस कारभार हाकताहेत. मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून वडगावला हात टेकायला अजून तीन महिने आहेत. इथं दुसरेच इंग्रज आहेत. जेम्स कुकची ‘रेझोल्यूशन’ आणि ‘डिस्कव्हरी’ ही दोन जहाजं खाडीत नांगर टाकून उभी आहेत आणि सुतार गळक्या फळ्यांशी झगडताहेत.

तुम्ही मात्र जहाजावर जायला आलेले नाही. मालवणच्या किनाऱ्यावर रविवारी प्लॅस्टिकची कयाक पाण्यात ढकलून सुरमईमागे जायची तुमची सवय, आणि त्या सवयीपायी दुधाच्या पिशव्यांचा तो निळा क्रेट इथवर उचलून आणलाय. त्यात लांब दांड्याचं जाळं आहे, माशाचा जबडा पकडायचा चिमटा आहे, पक्कड, दोन सुऱ्या, चार डब्या गळ, वजनं, दोरीची गुंडाळी, पाण्याच्या बाटल्या, टोपी, जादा टोपी. आणि गॅफ. बांबूच्या दांड्याला पोलादी आकडा आवळून तुम्ही स्वतः केलेला. त्याचा तुम्हाला जरा अभिमानच आहे.

गोट्यांवर बसलेला म्हातारा हे सगळं पाहतो. रशियन लोक त्याला अल्यूत म्हणतात, तो स्वतःला उनांगन म्हणवतो. तुमची भाषा त्याला येत नाही, त्याची तुम्हाला. पण सामान पाहून दुसऱ्या माणसाला काय वाटलं, हे कळायला भाषा लागत नाही. तो उठतो, एका हातानं आपली नाव उचलतो आणि तुमच्या पुढ्यात आणून ठेवतो.

एका हातानं! तुमची प्लॅस्टिकची कयाक तीस-चाळीस किलोंची, तिला गाडीच्या टपावरून उतरवायला दोघं लागतात आणि वाळूतून न्यायला चाकं. ही ‘इक्याख’. रशियन हिलाच ‘बैदार्का’ म्हणतात. बेटावर झाड नाही, त्यामुळे सांगाडा समुद्रानं वाहून आणलेल्या लाकडाचा. काड्या एकमेकींना तातींनी बांधलेल्या, काही सांध्यांत हाडाचे बारीक तुकडे बसवलेले, म्हणजे लाटेवर नाव वाकते पण कुरकुरत नाही. वरून समुद्रसिंहाचं कातडं ताणलेलं. बायकांनी ते असं शिवलंय की सुई आरपार गेलेलीच नाही, पाण्याला शिरायला भोकच नाही. नाक दुभंगलेलं आहे: खालचा ओठ पाणी कापतो, वरचा लाटेवर चढतो. आणि वरच्या बाजूला, बरोबर मध्ये, लाकडी कड्याचं एक गोल तोंड. माणूस तिथंच बसतो. नावेच्या पोटात जे काही जाणार ते तिथूनच जाणार, आणि माणूस बसल्यावर तेही बंद. मग बाहेर उरतात फक्त नावेच्या पाठीवरच्या कातडी वाद्या, आणि वादीखाली सरकवलेलं जे हाताला येईल तेवढंच खरं.

तुमच्या क्रेटची तपासणी इथं सुरू होते.

जाळं तो दोन बोटांनी उचलतो आणि बाजूला ठेवतो. तो बरोबर आहे, आणि तुम्हालाही मनातून ते ठाऊक आहे. जायचंय हॅलिबटमागे. तो आपल्या लेपाच्या जातकुळीतला, अंगानं चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. पण लेप तव्यावर मावतो. हा मासा दरवाजाएवढा होतो. याच मुक्कामात कुकच्या माणसांनी धरलेल्या एका हॅलिबटचं वजन 254 पौंड भरलं, म्हणजे सुमारे 115 किलो. आता जाळं कुणी कुणाला घालायचं?

चिमटा तो उघडतो, मिटतो, हसतो. पोरांना खेळायला बरा. जबड्याला चिमटा लावायचा म्हणजे हात माशाच्या तोंडापाशी न्यायचा आणि अंग नावेबाहेर झुकवायचं, तेही मासा पूर्ण शुद्धीवर असताना. दीड फूट रुंदीच्या नावेत असं झुकणारा माणूस एकदाच झुकतो.

गॅफपाशी तो थांबतो. आकड्याच्या टोकावर अंगठा फिरवतो, दांड्याला नाक लावून वास घेतो, खूप वेळ हातात धरून बसतो. तुम्हाला वाटतं, हा तरी पसंत पडला. मग तोही जाळ्याशेजारी जातो. त्याची कारणं तुम्हाला पाण्यात गेल्यावर कळतील, पण थोडं आधीच सांगून टाकावं: आकडा माशात रुतला की मासा तुमचा होत नाही, तुम्ही माशाचे होता. बोटीवरच्या माणसाला पाय रोवायला फळी असते. इथं पाय सरळ पुढे पसरलेले, पाठीला आधार नाही, आणि शंभर किलो स्नायू दांड्याच्या दुसऱ्या टोकाला. तो खाली निघाला तर दांडा सोडावा लागतो. आणि आकडा हुकला, तर समोर आहे ते कातडं आहे, तुमच्या नावेचं.

त्याच्या बाजूनं येतात चार वस्तू. हाडाचा गळ. समुद्रातल्या केल्पच्या लांब देठाची दोरी, जी सुकली तर काटकीसारखी मोडते म्हणून आधीच भिजवून ठेवलेली. दोरीला बांधायचा दगड. आणि हातभर लांबीचा, एका बाजूला जड असा लाकडी सोटा. मासा वर घ्यायचं सगळं सामान म्हणजे हा सोटा. तुम्ही क्रेटकडे बघता, त्याच्याकडे बघता. तो नावेत दगड भरायला लागलेला असतो.

हो, दगड. हलक्या सामानाचा एवढा धडा दिल्यावर पोटात गोटे! पण रिकामी नाव पाण्यावर बुचासारखी डुचमळते, तिला खाली वजन लागतं. जाताना दगड, येताना मासा. मासा मिळाला की गोटे समुद्राला परत. ओझं कमी असणं आणि ओझं जागच्या जागी असणं या दोन गोष्टी आहेत, आणि आपल्याकडच्या कयाकवाल्यांचा (यात मीही आलो) गोंधळ बहुधा इथंच होतो. आपण वजनाचा काटा बघतो, वजन किती उंचीवर ठेवलंय ते बघत नाही. क्रेट पाठीमागे, कमरेच्या वर, आणि मग म्हणायचं कयाक हलते फार.

अंगावर तुम्हाला ‘कमलेइका’ चढवतात. समुद्रसिंहाच्या आतड्यांच्या पट्ट्या जोडून शिवलेला हा झगा हातात घेतला तर बटरपेपरसारखा कुरकुरतो, वजन जवळजवळ नाहीच, आणि पाऊस आत येत नाही. डोक्यावर लाकूड वाफेनं वाकवून केलेली लांब चोचीची टोपी. मग तुम्ही गवताच्या चटईवर पाय पसरून बसता, झग्याभोवती कड्याचा कातडी पडदा आवळला जातो, आणि माणूस आणि नाव यांत फट उरत नाही. बरोबर येणाऱ्या सामानात सगळ्यात मोठा नग तुम्हीच आहात.

हे विनोदानं म्हणत नाही. याच आठवड्यात कुकनं आपल्या जहाजावरचा जॉन लेडयार्ड नावाचा कॉर्पोरल, मूळचा अमेरिकेतल्या कनेटिकटचा, रशियन लोकांचा ठावठिकाणा काढायला पाठवला. बरोबर रम, वाइन आणि पोर्टर बिअरच्या काही बाटल्या. वाटेत खाडी आली. नाव होती दोन तोंडांची, दोन्ही तोंडांत वल्हेकरी. तिसऱ्या माणसाला जागाच नाही. तेव्हा लेडयार्डला एका तोंडातून आत सरकवलं आणि दोन वल्हेकऱ्यांच्या मधल्या अंधारात उताणा निजवला. कातड्याच्या पलीकडे समुद्र, वर काही दिसत नाही, चाललोय कुठं ते कळत नाही. एवढ्या सगळ्यातून तो सुखरूप पोचला, तीन रशियनांना घेऊन परतला आणि पुढे हे सगळं लिहूनही गेला. नावेच्या लेखी तो एक लांबट गाठोडं होता, नीट, खाली, मधोमध ठेवलेलं.

म्हातारा त्याच्या नावेत, तुम्ही तुमच्या. दुहेरी पात्याचं वल्हं मध्ये धरायचं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. किनारा धुक्यात विरतो. तो कशावरून जागा ओळखतो ते तुम्हाला उमगत नाही. डोंगराची एखादी धार असेल, पाण्याचा रंग असेल. थांबतो, ऑक्टोपसचा तुकडा गळाला लावून दोरी सोडतो. तुम्हीही सोडता. दगड तळाला टेकल्याचं बोटांना कळतं.

मग बराच वेळ काहीच नाही. पाऊस झग्यावर ताडताड वाजतो.

ओढ येते ती हिसक्यानं नाही. कुणी तरी तळाशी दोरीवर बसावं तशी. तुम्ही ओढता, तो वजन टाकतो. तुम्ही थांबता, तोही थांबतो. वीतवीत करत दोरी वर येते, हात बधिर होतात, आणि पाण्यात एक फिकट हिरवं ताट दिसायला लागतं. मासा आडवा, शांत, जणू थकलेला. उरलेल्या आयुष्याची खात्री पटल्यासारखा तो वर येतो, उजेड बघतो, आणि एका फटक्यात सरळ खाली. नाव त्या बाजूला कलते, पाणी कड्यापर्यंत येतं. तुमचा हात नकळत उजव्या कुशीकडे जातो, जिथं मालवणात गॅफ असतो. तिथं काही नाही. आज ते तुमचं नशीब.

तेवढ्यात म्हातारा बाजूला येऊन लागलेला असतो. तो आपलं वल्हं दोन्ही नावांच्या पाठींवर आडवं टाकतो आणि दाबून धरतो. दोन अरुंद नावांची मिळून एक रुंद नाव होते आणि डुचमळणं थांबतं. मासा पुन्हा वर येतो. या वेळी थांबायचं, डोकं पाण्याच्या वर आलं की सोटा. एकदा, नेमका. मग आणखी एकदा. अंगभर थरथर जाते आणि मासा ताठ होऊन सैल पडतो. सैल पडल्यावरही म्हातारा त्याला लगेच जवळ घेऊ देत नाही. जिवंत हॅलिबट मांडीवर घेत नाहीत. त्याची शेपटी नावेच्या काड्या मोडेल, मग मांडीची हाडं. कल्ल्यातून वादी ओवून झाल्यावर, रक्त पाण्यात वाहून गेल्यावर, मगच तो मागच्या पाठीवर चढतो आणि आवळला जातो. तीसेक किलो असेल. त्याला वर घ्यायला शेजारची नाव लागली, आणि ही सोय कुठल्याही क्रेटात भरून आणता येत नाही.

वजन पाठीवर, म्हणजे उंचावर आलंय. म्हणून गोटे आत्ताच टाकायचे नाहीत, हेही तो बोटानं बजावतो.

परतताना बसल्या जागी थंड ओलावा लागतो. कुठली तरी शिवण पाझरतेय. घाबरण्याचं कारण नाही. तो तुम्हाला एक लाकडी नळी देतो, मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. खालचं टोक पाण्यात, वरचं तोंडात. ओढायचं, जिभेनं बंद करायचं, बाहेर ओतायचं. या बेटावरचा हा पंप. चव खारट, तेलकट, जुन्या कातड्याची. शिवण मात्र नीट पाहा. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी रशियन फर-व्यापाऱ्यांविरुद्ध उठाव केला, तेव्हा सोलोव्योव्ह नावाच्या कप्तानानं सूड म्हणून माणसं तर मारलीच, शिवाय नावाही फोडल्या. ज्याला कुणाला उपाशी मारायचं त्याची नाव फोडली की पुरतं. बरोबरचा म्हातारा तेव्हा तुमच्या वयाचा असेल. कुकला आज या गावांत एकही हत्यार दिसत नाही, लोक फार शांत आहेत असं तो वहीत लिहितो.

किनारा जवळ येतो तसा लाटांचा आवाज बदलतो. इथं चाकं नाहीत, घसरत वर जायला वाळू नाही. कातडं गोट्याला घासायच्या आत उतरायचं. म्हातारा मोठ्या लाटेच्या पाठीवर येतो, लाट मोडताच पडदा सोडून कमरभर पाण्यात उभा राहतो आणि नाव उचलून चालू लागतो. तुम्ही थोडे उशिरा सुटता, गुडघा फुटतो. नाव मात्र दोन पोरांनी आधीच झेललेली असते. त्यांचं तुमच्याकडे लक्षही नाही.

गावचा मुखिया गवतावर बसलाय. दोघं माशाचे कल्ले काढतात, बुळबुळ पिळून टाकतात आणि तसेच खातात. मग एकजण डोकं कापून समुद्रात धुऊन आणतो, मुखियासमोर गवत पसरून त्यावर ठेवतो आणि गालाचे मोठे तुकडे कापतो. मुखिया ते कच्चेच गिळतो. असंच जेवण कुकनंही इथं पाहिलं आणि लिहून ठेवलं, आपण कच्ची कालवं खातो तितक्याच आवडीनं, असं म्हणत. एक तुकडा तुमच्या हातावरही येतो. थंड, गोडसर, किंचित करकरीत.

क्रेट होता तिथंच आहे, त्यात पावसाचं पाणी साचलंय आणि जादा टोपी तरंगतेय. म्हातारा जवळ येतो, जाळं ओलांडतो, चिमटा ओलांडतो आणि गॅफ उचलतो. आकडा सोडवून तो तुमच्या सुरीशेजारी धरतो, हाताच्या अंगठ्यानं वाकवून सरळ केल्याचा अभिनय करतो: याची सुरी होईल. मग बांबूचा दांडा. तो टोकाला डोळा लावून त्यातून आरपार बघायला जातो, पेरं आड येतं, आणि तो तुमच्याकडे प्रश्नार्थक पाहतो. झाड नसलेल्या बेटावर बांबू म्हणजे काय हे खुणांनी कसं सांगायचं, या विचारात तुम्ही हात वर नेता, आणखी वर, डोक्याच्याही वर, आणि वाऱ्यात हलवता.