जात ‘चोरली’ म्हणजे नेमकं काय केलं?

भोसरीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये कानात इयरफोन घालून बसला असाल, तर तळेगाव चौकातलं ट्रॅफिक बघता हा भाग आरामात ऐकून होईल. आज एका कथेबद्दल बोलायचं आहे. बाबुराव बागुल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’. १९६३ साली याच नावाचा कथासंग्रह आला आणि मराठी कथेची पुढची वाट बदलली.

इतिहासाच्या पॉडकास्टवर काल्पनिक कथा कशाला, असं कुणी विचारेल. कारण सरळ आहे. जो माणूस स्वतःची ओळख लपवण्यात यशस्वी झाला, त्याची नोंद कुठल्याच दफ्तरात सापडत नाही. नोंद होते ती पकडला गेला त्याची. त्यामुळे लपून जगलेल्यांचा इतिहास शोधायचा तर गॅझेटियर फारसं कामाला येत नाही. कथा आणि आत्मकथनंच उघडावी लागतात.

तर कथा अशी. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं आहे. एक तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, सुरतेजवळ उधन्याला. कविता करणारा, नव्या भारताबद्दल डोक्यात भरपूर स्वप्नं असलेला. पहिल्याच दिवशी त्याला विचारलं जातं, कोण तुम्ही? तो जात सांगत नाही, मुंबईचा म्हणून ताठ मानेनं उत्तर देतो. ऐकणारे आपापल्या मनाने त्याला वरच्या जातीचा ठरवून टाकतात. रामचरण तिवारी नावाचा सहकारी तर त्याच्या कवितेवर आणि ज्ञानावर इतका खूश होतो की त्याला गुरूच मानायला लागतो.

आता बघा, इथे त्याला कुणी त्रास देत नाहीये. उलट मान मिळतोय. पण मिळणारा प्रत्येक मान त्याच्या पोटातली भीती वाढवतो, कारण खरं कळलं की हेच हात उठणार हे त्याला ठाऊक आहे. चारचौघांत बसलेला हा माणूस त्या संपूर्ण कथेत सगळ्यात एकटा आहे.

आणि मग येतो काशिनाथ सपकाळ. माझ्या मते कथेचा खरा नायक तोच. तोही महारच, पण तो जात उघड सांगतो. अपमान झाला की तिथल्या तिथे भांडतो, कुणाच्या बापाला भीत नाही. त्याला लोक टाळतात, छळतात. म्हणजे एकटा तोही आहे, पण त्याला घरी जाऊन आरशात बघताना काही आठवून ठेवावं लागत नाही. आपल्या कवीला मनमोकळं बोलायला त्या गावात हाच एक माणूस आहे, आणि त्याच्याशी जवळीक दाखवणं हेच सगळ्यात धोक्याचं. शेवटी बिंग फुटतं. कालपर्यंत गुरू म्हणणारे लोक त्याला मारतात. सोडवायला कोण येतं? काशिनाथ. मार खाल्लेला कवी मारणाऱ्यांना दोष देत नाही. आपल्याला मनूने मारलं, अशा अर्थाचं तो बोलतो.

मला या कथेत सगळ्यात जास्त अडकवतं ते तिच्या नावातलं क्रियापद. ‘लपवली’ नाही, ‘चोरली’. जेरी पिंटो यांनी २०१८ मध्ये इंग्रजी भाषांतर केलं, त्यात शीर्षकात ‘लपवणं’ आलं. इंग्रजीत बहुधा दुसरा इलाज नसावा. पण मराठीत ‘चोरणं’ फक्त दुसऱ्याची वस्तू उचलणं नसतं. आपण ‘अंग चोरून’ बसतो. गच्च भरलेल्या सहाआसनीत कोपऱ्यात बसलेला माणूस अंग चोरतो, म्हणजे स्वतःचंच शरीर आक्रसून घेतो, दुसऱ्याला लागू नये म्हणून. जात चोरणं हे त्याच घरातलं आहे. स्वतःचीच वस्तू, पण जगाच्या नजरेतून आत ओढून धरायची, आणि ओढून धरलेला हात चोवीस तास सोडायचा नाही. झोपेतसुद्धा. शिवाय त्या शब्दाला चोरीच्या गुन्ह्याचा वास आहेच. गुन्हा केला कुणी आणि आरोपीसारखं वावरतंय कोण!

बागुलांनी हे हवेतून आणलेलं नाही. त्यांचा जन्म १९३० चा, नाशिकजवळच्या विहितगावचा. लहानपणी मुंबईला आले, माटुंगा लेबर कॅम्पात वाढले. पुढे सुरतेकडे रेल्वेत नोकरी केली. तिथे भाड्याने खोली हवी तर जात लपवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते त्यांना सोसलं नाही. नोकरी सोडून ते मुंबईला परतले. १९६८ पर्यंत मिळेल ती मोलमजुरी करत लिहीत राहिले. पक्की सरकारी नोकरी सोडणं म्हणजे काय, हे आपल्या पट्ट्यात कॉन्ट्रॅक्टवर दर अकरा महिन्यांनी ब्रेक घेणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

गुजरातेतच, पण त्याच्या बरंच आधी, १९१७ साली अशीच एक खोली होती. डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून बडोद्याला आले. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे संस्थानात नोकरी करायची होती. राहायला जागा मिळेना, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत गेले. रखवालदाराला थोडी कमाई हवी होती. रोजचे दीड रुपये ठरले आणि वहीत पारशी नाव लिहिलं गेलं. हा प्रसंग त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आठवणवजा लेखनात सांगितला आहे.

त्यातलं अपमानाचं वर्णन सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र त्याआधीचे दिवस जास्त हलवतात. पहिल्या मजल्यावर एक छोटी झोपायची खोली, बाकी दिवाणखाना मोडक्या सामानानं भरलेला. दुसरा एकही पाहुणा नाही. विजेचा दिवा नाही. रात्री एक कंदील, त्याचा उजेड काही इंचांपुरता, आणि अंधारात वटवाघळांची फडफड. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस तिथे बसून वाचत राहतो, आणि बोलायला कुणीतरी माणूस असावा असं त्याला वाटत राहतं. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी वर आले. संध्याकाळपर्यंत जागा सोड, नाहीतर परिणाम वाईट होतील. ओळखीच्या दोघांना त्यांनी विचारून पाहिलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांकडेही सोय झाली नाही. मग कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्री नऊच्या गाडीने मुंबईला निघाले. आज त्या बागेला सयाजी बाग म्हणतात.

हेच आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला होते, हार्लेमच्या अगदी शेजारी. अमेरिकेत गोऱ्या रंगाचे कृष्णवर्णीय गोरे म्हणून वावरत, त्याला तिकडे ‘पासिंग’ म्हणतात. नेला लार्सन या लेखिकेची त्याच नावाची कादंबरी १९२९ ची आहे. तिच्यातल्या एका बाईने काळ्यांचा तिरस्कार करणाऱ्या गोऱ्या माणसाशी संसार मांडलाय, आणि आपली बायको कोण हे त्याला माहीत नाही. १९४६ मध्ये आंबेडकरांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी युनोकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. म्हणजे दोन्हीकडची दुखणी एकमेकांना ओळखत होती. पण एक फरक मोठा आहे. तिकडे कातडी आधी बोलते. आपल्याकडे रंगावरून काही कळत नाही, म्हणून तोंडाने विचारावं लागतं. ‘आडनाव काय?’

आणि इथे आपण पिंपरी-चिंचवडला येऊन पोहोचतो. कारखाना जात मोडेल, अशी एक आशा त्या काळी होती. मुंबईच्या कापड गिरण्यांचा अनुभव तसा नव्हता. तिथे विणकाम खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या खात्यात, अस्पृश्यांना घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाकीच्यांना विटाळ होई. १९२८ च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. पिंपरीत मात्र सगळं नवं होतं. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना, १९६६ च्या सुमारास टेल्को. पेनिसिलिनच्या बाटलीला किंवा ट्रकच्या चॅसीला कुणाच्या हाताचा विटाळ होत नाही. मशीनवर जोडीला कोण उभा आहे हे शिफ्टचा तक्ता ठरवतो. हा बदल खरा आहे आणि लहान नाही.

पण शिफ्ट आठ तासांची. उरलेले सोळा तास खोलीत काढायचे असतात. चाकणजवळ खोली शोधताना मला आधी कंपनी विचारली, मग आडनाव. आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’, त्यामुळे घरमालकाचं समाधान होईना. “तसं नाही, म्हणजे तुम्ही कोणातले?” मी सांगितलं. खोली नुकतीच दुसऱ्याला दिल्याचं त्यांना आठवलं. भांडण नाही, आवाज नाही, चहासुद्धा विचारला होता. बडोद्यासारख्या लाठ्या कुठेच नव्हत्या, आणि म्हणूनच तक्रार कशाची करायची हाही प्रश्नच. माझ्या ओळखीचा एक पोरगा यावर तोडगा म्हणून मोबाइलचं स्टेटस, भिंतीवरचा फोटो, चौदा एप्रिलची सुट्टी, सगळं सांभाळून राहतो. त्याला मी नावं ठेवत नाही. बागुलांनीही आपल्या कवीला नावं ठेवलेली नाहीत. त्यांनी फक्त त्याच्या शेजारी काशिनाथ उभा केला.

काशिनाथसारखं उभं राहायला एकट्याची हिंमत पुरत नाही, पाठीशी काहीतरी लागतं. ते इथून जवळच घडत होतं. निगडीच्या पुढे देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ रोजी, आंबेडकरांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. तारखेकडे लक्ष द्या. २५ डिसेंबरलाच, १९२७ साली, महाडला मनुस्मृती जाळली होती. बागुलांचा कवी मार खाऊन ज्या मनूचं नाव घेतो, तोच हा. पंढरपूरचा विठोबा म्हणजे मुळात बुद्धच, हे मतही बाबासाहेबांनी देहूरोडच्या त्याच भाषणात मांडलं, आणि तेही तुकोबांच्या देहूपासून हाकेच्या अंतरावर. त्या गर्दीत आलेल्यांना कोणातले विचारलं, तर द्यायला आता एक नवं उत्तर तयार होत होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

लोणावळा लोकलने देहूरोडला उतरलात की स्टेशनपासून ते विहार फार लांब नाही. पंचवीस डिसेंबरला तिथे मोठी गर्दी असते, पुस्तकांचे स्टॉल लागतात. बागुल मिळाले तर घ्या.