गाणें पाहण्याची रीत

नागपूरच्या दक्षिणेस बेसा म्हणून जें गांव आहे, तें आतां गांव राहिलेलें नाहीं आणि शहरही पुरतें झालेलें नाहीं. शेतें मोडून पाडलेले ले-आउट, त्यांवर उभ्या राहिलेल्या उंच इमारती, मधूनच कुंपण घातलेला एखादा मोकळा प्लॉट व त्यांत चरणारीं गुरें, असें त्याचें आजचें रूप आहे. गेल्या उन्हाळ्यांत अशाच एका प्लॉटाशेजारच्या अर्धवट बांधलेल्या इमारतींत पांच-सहा कॉलेजचीं मुलें आपण रचलेल्या एका रॉक-गीताचें चित्रण करीत होतीं. संध्याकाळीं फिरावयास निघालों असतां मी तेथें थांबलों.

रॉक-गीताच्या चित्रणाचे संकेत एव्हांना सर्वांच्या ओळखीचे झाले आहेत. ओसाड कारखाना किंवा भग्न वास्तु, काळे कपडे, धूर, वाऱ्यानें उडणारे केस, गिटारीवर झुकलेला गायक, आणि मुद्रेवर साऱ्या जगाविषयींचा राग. ह्या मुलांनीं हें सर्व जमविलें होतें. वारा मात्र जमेना, म्हणून एकानें लांबलचक वायर ओढून घरचा टेबलफॅन आणला होता. ड्रम वाजविणारा मुलगा त्या उकाड्यांत काळें जाकीट घालावयास साफ नाकबूल झाला आणि बनियनवरच वाजवावयास बसला. प्रथम सर्वजण चिडले. मग त्यांच्यांतील दिग्दर्शक म्हणविणाऱ्या मुलानें ठरविलें कीं, पंखा आणि बनियन हीं दोन्ही चित्रांत चांगलीं दिसूं द्यावीं; लपविण्याचें कारण नाहीं.

मला तें सारें परक्यांचें अनुकरण वाटलें, व तसें मीं बोलूनही दाखविलें. वय झालें कीं न विचारलेलें मत देण्याची खोड माणसास लागते. त्यावर तो बनियनवाला मुलगा शांतपणें म्हणाला, "काका, मग आपलं कोणतं, ते तर सांगा न." मला लगेच कांहीं सांगतां आलें नाहीं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचें उशिरा सुचलेलें उत्तर होय. आणि तें माझ्या मूळच्या मताच्या विरुद्ध जाणारें आहे, हें आरंभींच कबूल करतों.

"आपलें" म्हणून मनानें प्रथम धांव घेतली ती संगीत नाटकाकडे. परंतु त्याचा इतिहास आठवूं लागलों तों पायाखालची जमीन थोडी सरकली. विष्णुदास भावे ह्यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, त्यामागें कर्नाटकांतून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, तेव्हां पारशी मंडळींचा 'इंद्रसभा' हा खेळ त्यांच्या डोळ्यांपुढें होता असें सांगतात. साकी, दिंडी, कीर्तनांतील चाली, कानडी वळणाचीं पदें, असा सगळा मेळ त्यांनीं घातला. आज ज्याला आपण शुद्ध मराठी ठेवा समजतों, तो त्याच्या जन्मकाळीं बऱ्याच अंशीं उसनवारीचा संसार होता. तो आपला झाला, कारण वापरणाऱ्यांनीं त्यांत आपला जीव ओतला. आणि जो आपला झाला तो यथाकाल जुनाही झाला. पदांची संख्या दोनशेंच्या आसपास गेली, राजा मरणोन्मुख असतांही वन्समोअर घेऊं लागला, आणि प्रेक्षकांना त्यांत कांहींच विपरीत वाटेनासें झालें.

ह्या संकेतावर पहिला नेटाचा आघात १९३३ सालीं 'नाट्यमन्वंतर' ह्या संस्थेच्या तरुण मंडळींनीं केला. त्यांच्या 'आंधळ्यांची शाळा' ह्या नाटकाचें मूळ ब्यर्नसन ह्या नॉर्वेच्या नाटककाराचें; म्हणजे पुन्हां उसनवारीच. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीं केल्या आणि गाणीं मोजकींच ठेविलीं. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, त्यांनीं गाणें हद्दपार केलें नाहीं. केशवराव भोळे ह्यांच्यासारखा जाणता संगीतकार हाताशीं धरून त्यांनीं गाण्यास जागेवर बसविलें. गाणाऱ्या ज्योत्स्नाबाई भोळे होत्या. ज्यांना गाणें येत नव्हतें अशांनीं तें कमी केलें असतें, तर त्याला कोणी बंड म्हटलें नसतें.

हेच केशवराव भोळे चार वर्षांनीं पुण्याच्या प्रभात कंपनीच्या 'कुंकू' ह्या चित्रपटाचे संगीत-दिग्दर्शक होते. त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे, कारण माझ्या मतें बेशाच्या मुलांचे खरे पूर्वज येथें भेटतात. ना. ह. आपटे ह्यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून शांतारामबापूंनीं १९३७ सालीं हें चित्र घेतलें. एका म्हाताऱ्या बिजवराशीं फसवून लग्न लावलेली नीरा ही त्याची नायिका. भारतीय बोलपट १९३१ सालीं 'आलम आरा'नें जन्मला तो गातच जन्मला. आणि सहा वर्षांतच चित्रपटांतील गाण्याचे संकेत घट्ट झाले होते. नायिका दुःखी झाली कीं देवापुढें गाते, आनंदली कीं बागेंत गाते, आणि कोठूनसा अदृश्य वाद्यवृंद तिला साथ देतो. 'कुंकू'नें पार्श्वसंगीत काढूनच टाकलें. ऐकूं येतात ते त्या घरांतले, रस्त्यावरचे प्रत्यक्ष आवाज. भिंतीवरचें जुनें घड्याळ त्या चित्रांत एक पात्रच होऊन बसलें आहे. म्हाताऱ्या काकासाहेबांचें, म्हणजे केशवराव दात्यांचें, वय तें मोजीत असतें. आणि ह्या सुन्न घरांत शांताबाई आपटे गातात तें काय? लाँगफेलो ह्या अमेरिकन कवीची शाळेच्या पुस्तकांत असणारी जीवनविषयक कविता, आणि तीही इंग्रजींतून. ज्या काळांत कुलीन स्त्रीनें पडद्यावर दिसावें कीं नाहीं ह्यावर वाद चालत, त्या काळांत एका मध्यमवर्गीय मराठी घरांतली सून इंग्रजी कविता गाऊन सांगते कीं मी अजून जिवंत आहें. त्या गाण्यांत परकें काय आणि आपलें काय, ह्याची वांटणी ज्याला करतां येईल त्यानें करावी.

'कुंकू'नें संकेत वगळून दाखविला. दोन वर्षांनीं आलेल्या 'माणूस'नें तो वापरून दाखविला. ही दुसरी रीत मला अधिक अवघड वाटते. गणपत हा पोलीस शिपाई (शाहू मोडक) आणि मैना ही वेश्या (शांता हुबळीकर) ह्यांची ही कथा. 'देवदास'च्या रडक्या प्रेमास दिलेलें तें उत्तर होतें असें समजतात, व तें खरेंही दिसतें. मैनेचें जें प्रसिद्ध गाणें आहे, त्यांत उद्यांची चिंता कशाला हा आशय ती एकामागून एक निरनिराळ्या भाषांतील कडव्यांनीं सांगते. बाजारांत येणारीं गिऱ्हाइकें जशीं सर्व प्रांतांचीं, तशीं कडवींही सर्व प्रांतांचीं. गाणें ऐकतांना मौज वाटते. आणि ज्या धंद्यासाठीं तें गायिलें जातें तो आठवला कीं ती मौज घशांत अडकते. ह्याच चित्रांत बॉम्बे टॉकीजच्या पद्धतीच्या, झाडाखालीं बसून गायिलेल्या, गोडगोड प्रेमगीताची उघड थट्टा केली आहे. चाली बांधणारे मास्टर कृष्णराव. भास्करबुवांचा हा शिष्य, मैफली गाजविणारा गवई. त्यानें विडंबनाची चालही तितक्याच मनापासून बांधली. थट्टा करावयाची तरी सूर लागला पाहिजे, हें त्या मंडळींना कळत होतें.

प्रभातच्या ह्याच आवारांत पुढें १९६० सालीं सरकारची चित्रपट-शिक्षणाची संस्था सुरू झाली. आणि पडद्यावरची विद्यार्थ्यांची बंडखोरी म्हणून जी म्हणावयाची ती तेथून निघाली. पुण्याच्या रंगभूमीवर १६ डिसेंबर १९७२ रोजीं 'घाशीराम कोतवाल' आलें. विजय तेंडुलकर लेखक, जब्बार पटेल दिग्दर्शक, भास्कर चंदावरकर संगीतकार. तें करणाऱ्यांपैकीं कित्येकजण नुकतेच वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेले. नमन, कीर्तन, अभंग, लावणी, खेळे, हे सारे जुने प्रकार त्यांत आहेत, पण एकही आपल्या जुन्या कामावर नाहीं. अभंग चालला असतां शेजारीं लावणी उभी राहते, आणि भक्तांची रांग बघतां बघतां भिंत होऊन जें दिसूं नये तें झांकून टाकते. ह्याचा राग अनेकांना आला. थोड्याच प्रयोगांनंतर मूळ संस्थेनें नाटक थांबविलें; मग त्या मुलांनीं थिएटर अकॅडमी काढून १९७४ सालीं तें पुन्हां सुरू केलें. मला वाटतें, त्या रागाचें खरें कारण इतिहास नव्हे. आपल्या देवघरांतली चाल भलत्याच ठिकाणीं वाजली, हें तें कारण होय.

त्याच 'घाशीराम'चा चित्रपट चित्रसंस्थेंतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांनीं 'युक्त' नांवाची सहकारी संस्था काढून १९७६ सालीं केला. के. हरिहरन्, मणि कौल, सईद मिर्झा, कमल स्वरूप हीं त्यांतलीं नांवें. एकाच्या नांवावर चित्र नको, सर्वांनीं मिळून करावें, असा त्यांचा हट्ट होता. तो थोर असला तरी चित्र मात्र सामान्य प्रेक्षकापर्यंत फारसें पोहोंचलें नाहीं. बर्लिनच्या आर्सेनल ह्या संस्थेनें प्रत जपली म्हणून तें आज पाहावयास मिळतें. त्यांतील लांबलचक अखंड दृश्यें पाहतांना कौतुक वाटतें, पण नाटकाचा तो अंगावर येणारा ठेका हरवल्याची चुटपुट लागते. सर्वच बंडें यशस्वी होत नाहींत.

रॉक-संगीत मराठी रंगभूमीवर उजळ माथ्यानें आलें तें १९७८ सालीं, पु. ल. देशपांडे ह्यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'ंत. ही वंशावळ मोठी रंजक आहे. जॉन गे ह्यानें १७२८ सालीं लंडनच्या इटालियन ऑपेराची टर उडविण्यासाठीं भिकाऱ्यांचा ऑपेरा रचला. दोनशें वर्षांनीं, १९२८ सालीं, ब्रेख्त आणि वाइल ह्यांनीं बर्लिनमध्यें त्याचा नवा अवतार केला. आणि आणखी पन्नास वर्षांनीं तो पुण्यास तमाशा होऊन आला. नाट्यसंगीत, लावणी आणि नंदू भेंडे ह्यांचा रॉकचा आवाज एका पंक्तीला बसले. हे भेंडे आत्माराम व आशा भेंडे ह्या नटदांपत्याचे चिरंजीव. त्याआधीं मुंबईंत १९७४ सालीं अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्यें त्यांनीं ज्यूडासची भूमिका गाऊन केली होती. नाट्यसंगीताच्या घरांतच रॉक वाढला, हें मला तोंवर कधीं जाणवलें नव्हतें.

हें सारें पुण्यामुंबईचें झालें. आमच्या विदर्भांत ह्याची गरजच पडली नाहीं असें गमतीनें म्हणतां येईल. पूर्वेकडच्या झाडीपट्टींत दंडार आणि खडी गंमत ह्यांच्या शेजारीं दिवाळीनंतर रात्रभर चालणारीं नाटकें होतात. त्यांत हार्मोनियमच्या बाजूलाच ऑक्टोपॅड मांडलेला असतो, आणि हुंड्याच्या दुःखावर रडणारे प्रेक्षक पुढच्याच घटकेला आलेल्या नाचगाण्यावर शिट्या वाजवितात. एका प्रकारानें दुसऱ्याची मर्यादा मोडली, अशी तक्रार मीं तेथें कधीं ऐकली नाहीं. नागपुरांतच अध्यापन केलेले महेश एलकुंचवार ह्यांच्या 'होळी'वरून केतन मेहतांनीं १९८४ सालीं चित्रपट केला, त्यांतही वसतिगृहांतील मुलांचा दंगा प्रथम मौजेचा वाटतो. ती मौजच पुढें एका सहाध्यायाचा जीव घेते.

आणि अगदीं अलीकडचें म्हणावें तर नागराज मंजुळे ह्यांचा २०१६ चा 'सैराट'. अजय-अतुल ह्यांनीं अमेरिकेंत वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रित केलेलीं त्याचीं चारही गाणीं पूर्वार्धांतच संपतात. बाग, विहीर, उसाचीं शेतें, सारे जुने संकेत मनसोक्त वापरून घेतले आहेत. उत्तरार्धांत गाणें नाहीं. शेवटीं तर आवाजही नाहीं. सबंध महाराष्ट्र ज्या गाण्यांवर नाचला, त्यांचा हिशेब त्या शेवटच्या मुक्या क्षणांत चुकता होतो. ज्याला तीं गाणीं आवडलीं नसतील, त्याला ती शांतता ऐकूंच येणार नाहीं.

मागच्या रविवारीं मीं त्या मुलांना घरीं बोलावून 'कुंकू' दाखविला. प्रत जुनी, आवाज खरखरीत. पहिलीं दहा मिनिटें त्यांची चुळबूळ चालली होती. घड्याळाच्या दृश्याला ती थांबली. चित्र संपल्यावर बनियनवाल्यानें एवढेंच विचारलें, "काका, म्युझिक नाही टाकलं तर चालते?" चालते, असें मीं सांगितलें. तेव्हांपासून त्यांच्यांत वाद पेटला आहे. चित्रणाच्या वेळीं टेबलफॅनची घरघर ध्वनींत उतरली होती. गाणें थांबल्यावर ती तशीच ऐकूं द्यावी, असें दोघांचें म्हणणें आहे, आणि ती पुसून टाकावी, असें तिघांचें. काल पुन्हां माझ्याकडे आले होते. ह्या खेपेस मीं मत दिलें नाहीं.