खारीचा वाटा

बटाट्याइतका पडेल ते काम करणारा जीव भाजीबाजारात दुसरा नाही. वांग्याला स्वतःचा तोरा असतो, कारले तर कोणाच्या बापाचे ऐकत नाही. पण बटाटा म्हणजे एकत्र कुटुंबातला बिनलग्नाचा काका. रश्शात घाला, वड्यात कोंबा, ऐनवेळी पाहुणे वाढले म्हणून मटणात ढकला, कुठे तक्रार म्हणून नाही. हा गृहस्थ मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांकडून नाव घेऊन आपल्याकडे आला आणि बघता बघता थेट एकादशीच्या ताटात जाऊन बसला! अशा गरीब स्वभावाच्या बटाट्याच्या अंगावर जगाने कसकसले वास चढवले, हा इतिहास मात्र शाळेत कोणी शिकवीत नाही.

बटाट्याचे पातळ काप तळण्याचा शोध अमेरिकेतल्या सॅराटोगा इथे १८५३ साली जॉर्ज क्रम नावाच्या आचाऱ्याने एका किरकिऱ्या गिऱ्हाइकावर चिडून लावला, असे सर्रास सांगतात. कथा झकास आहे. खरी नाही, एवढेच तिचे वैगुण्य. विल्यम किचिनर या इंग्रजाच्या पाकपुस्तकाच्या १८२२ सालच्या आवृत्तीत ही कृती आधीच छापलेली आहे. पण शांतपणे पुस्तक लिहिणाऱ्यापेक्षा चिडलेला आचारी लोकांना जास्त आवडतो, त्याला इलाज नाही.

पुढे शंभर वर्षे या कापांना मिठापलीकडे काही ठाऊक नव्हते. तेही तुमचे तुम्ही लावायचे. लंडनच्या फ्रँक स्मिथने १९२० च्या सुमारास पाकिटे विकायला सुरुवात केली. तो म्हणे दारूच्या गुत्त्यांत पाकिटांबरोबर मिठाच्या कुप्याही ठेवी आणि गिऱ्हाइके त्या कुप्याच खिशात घालून नेत. (पाणपोईवरचा पेला साखळीने बांधण्याची आपली दूरदृष्टी साहेबाकडे नव्हती.) शेवटी त्याने निळ्या कागदाच्या पुडीत चिमूटभर मीठ बांधून ती पाकिटातच टाकली.

कापाला खरी चव लावली ती आयर्लंडने. याच देशात १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, दहा लाखांच्या आसपास माणसे उपासमारीने आणि साथींनी मेली आणि जवळजवळ तितकीच बोटीत बसून देशोधडीला लागली. त्या काळी नुसता बटाटा मिळणे हीच चैन होती. त्याची चव कोण बघतो! आणि त्याच देशात १९५४ साली डब्लिनच्या जो मर्फी या उद्योगी माणसाला वाटले की, हे काप फार अळणी बुवा! त्याने ‘टेटो’ नावाची कंपनी काढली. त्याच्या लहान मुलाला ‘पोटॅटो’ म्हणता येत नसे, तो ‘टेटो’ म्हणे, म्हणून हे नाव. शेमस बर्क हा त्याचा माणूस टेबलावर भुकट्या मांडून चिकाटीने प्रयोग करीत बसला आणि त्यातून चीज आणि कांद्याची चव निघाली. युक्ती तशी सोपी. तळलेले गरम काप भुकटीबरोबर पिंपात घोळवायचे, की झाले. कुरमुऱ्यांना तिखटमीठ चोळणाऱ्या आपल्या भेळवाल्याने ही पद्धत लगेच ओळखली असती.

एकदा भुकटीने चव येते हे कळल्यावर मग काय विचारता! कोळंबी, कोंबडी, डुकराचे मांस, सगळे बटाट्याच्या पाठीवर. माझ्या भाच्याने विलायतेहून एकदा ‘कोळंबी कॉकटेल’ चवीचे पाकीट आणले. आमची मावशी उठून दुसऱ्या खोलीत गेली. भाच्याने पाठीमागचा बारीक मजकूर वाचून दाखवला, की यात कोळंबी सोडून बाकी सगळे आहे. मावशी आतूनच म्हणाली, “नाव कोळंबीचं आहे ना? मग झालं तर!”

मावशीचा हा मुद्दा इंग्लंडात सरकारदरबारी गाजून गेलेला आहे, हे तिला ठाऊक नव्हते. वेल्समधल्या वेल्शपूल गावच्या फिलिप लुईस नावाच्या गुत्तेवाल्याने १९८१ मध्ये हेजहॉग चवीचे काप काढले. हेजहॉग म्हणजे साळिंदराच्या पिलासारखा दिसणारा एक काटेरी प्राणी. तिकडचे जिप्सी तो मातीत लिंपून भाजत. लुईसने जिप्सींना चव कशी लागते ते विचारून घेतले आणि मसाला जमवला. गंमत म्हणून काढलेला माल धडाक्याने खपू लागला. तेव्हा व्यापारातली लबाडी पकडणारे सरकारी खाते १९८२ मध्ये जागे झाले. आरोप काय, तर यात हेजहॉग नाही! आता त्या प्राण्याच्या दृष्टीने ही केवढी आनंदाची गोष्ट. पण कायद्याला काटे असतात, काळीज नसते. शेवटी तडजोड झाली ती व्याकरणावर. ‘हेजहॉगच्या चवीने युक्त’ म्हणायचे नाही, ‘हेजहॉग चव’ म्हणायचे. पहिल्यात प्राणी असावा लागतो, दुसऱ्यात नुसती आठवण पुरते. हा निवाडा आपल्याकडे लावला, तर ‘उपवासाची मिसळ’ आणि ‘व्हेज खिमा’ यांना रोज कोर्टात उभे राहावे लागेल.

यानंतर लोकांची भीड चेपली. वॉकर्स कंपनीने जनतेकडूनच चवी मागवल्या आणि २००९ साली निवडक सहा बाजारात आणल्या, त्यांत एक ‘केजन खार’ होती. त्यात खारीचा वाटासुद्धा नव्हता, हे वेगळे सांगायला नको.

ही वॉकर्स मूळची लेस्टरची खाटकाची पेढी. युद्धानंतरही मांसाचे रेशनिंग चालूच राहिले, दुकान सकाळीच रिकामे होऊ लागले आणि कामगारांना काम उरेना, म्हणून १९४८ मध्ये ती बटाट्याकडे वळली. आधी आइस्क्रीमचा विचार होता. पण मटणाच्या कारखान्यात आइस्क्रीम बरे नव्हे, असे ठरले. पुढे कंपनी वाढली, मांसाच्या चवी आल्या, त्या मांसावाचून आल्या आणि शाकाहारी मंडळी निर्धास्तपणे त्या खाऊ लागली. मग २०१३ साली कंपनीला सचोटीची हुक्की आली. तिने आपल्या कोंबडीच्या चवीत खऱ्या कोंबडीचा आणि डुकराच्या चवीत खऱ्या डुकराचा अंश घातला. झाले! शाकाहारी गिऱ्हाइके खवळली आणि जातीच्या खाटकाला कोंबडीत कोंबडी घातल्याबद्दल चारचौघांत बोलणी खावी लागली.