आनापान

आनापान : आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या श्वासावर सतत लक्ष ठेवण्याची बौद्ध ध्यानपद्धती. पाली ग्रंथांत तिला आनापानसति म्हटले आहे. श्वास जसा चालला असेल तसा पाहायचा, त्याची लय मुद्दाम बदलायची नाही, हा तिचा मुख्य नियम. पूरक (श्वास घेणे), कुंभक (रोखणे) व रेचक (सोडणे) यांनी श्वासाला वळण लावणारा प्राणायाम याहून वेगळा. ताणमुक्तीच्या वर्गांत मात्र दोहोंची सर्रास सरमिसळ होते.

मज्झिमनिकायातील आनापानसतिसुत्तात या साधनेच्या 16 पायऱ्या आहेत. पहिल्या चार शरीराशी निगडित असून पुढे चार-चारच्या गटांनी वेदना (सुखदुःखाच्या संवेदना), चित्त आणि धम्म (मनाचे विषय) येतात. पाचव्या शतकात बुद्धघोषाने विसुद्धिमग्गात नवशिक्यांना श्वास मोजण्याची युक्ती सांगितली : मोजणी पाचाच्या आत थांबवू नये आणि दहाच्या पुढे नेऊ नये. या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती गोव्याचे धर्मानंद कोसंबी यांनी संपादित केली. बौद्ध ध्यानमार्गावर त्यांनी समाधिमार्ग हे मराठी पुस्तकही लिहिले.

भिक्षूंपुरती राहिलेली ही साधना गृहस्थांपर्यंत नेण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर ब्रह्मदेशातील भिक्षू लेडी सयाडॉ (1846–1923) यांना जाते. त्यांच्या परंपरेतले ऊ बा खिन (1899–1971) हे सरकारी महालेखापाल. हाताखालच्या कर्मचाऱ्यांनाही ते ध्यान शिकवीत. मंडाले येथे जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका (1924–2013) त्यांच्याकडे गेले ते अर्धशिशीने बेजार होऊन. त्यासाठी त्यांना मॉर्फिन घ्यावे लागत असे. डोकेदुखीच्या इलाजासाठी यायचे असेल तर येऊ नका, असे ऊ बा खिन यांनी त्यांना बजावले आणि चित्तशुद्धीचा हेतू मान्य झाल्यावरच 1955 मध्ये प्रवेश दिला. ताणावरचा उपाय म्हणून आनापानाकडे वळणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गोएंका 1969 मध्ये भारतात आले व त्यांनी पहिले शिबिर मुंबईत घेतले. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र 1976 मध्ये सुरू झाले.

या परंपरेतील 10 दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस केवळ आनापान असते. पहाटे 4 वाजता घंटा होते. बोलणे, वाचणे, लिहिणे बंद. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा होतो. प्रथम नाकपुड्यांपाशी श्वासाचा स्पर्श जाणवू द्यायचा, मग लक्षाचे क्षेत्र आखडत नाकाखाली, वरच्या ओठावरच्या चिमूटभर जागेवर आणायचे. श्वास जाणवेनासा झाला तर थोडे जोरात श्वास घेण्याची मुभा आहे, पण जाणीव परतताच ते थांबवायचे. काही श्वासांतच मन घरी, कचेरीत किंवा जुन्या भांडणात जाऊन पोचते. ते गेल्याचे ओळखणे आणि स्वतःवर न चिडता परत आणणे, शिकायचे ते एवढेच. मन एकदाही न भटकणे ही अपेक्षाच नसते. ती धरून बसलेला साधक उलट नवा ताण ओढवून घेतो. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरातील संवेदनांचे निरीक्षण, सुरू होते. शुल्क नसते, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर खर्च चालतो.

ताणात नाडी व श्वास दोन्ही वेग घेतात. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून श्वास संथ झाला की शरीरही निवू लागते. आनापानात हा संथपणा आणायचा नसतो. लक्ष स्थिरावल्यावर तो बहुधा आपसूक येतो. धार्मिक चौकट बाजूला ठेवून श्वासावरील लक्ष रुग्णालयात नेण्याचा ठळक प्रयत्न जॉन कॅबट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात केला. त्यांचा ताणनिवारणाचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा आहे.

साधना निरपवाद निर्धोक नाही. दीर्घ मौनात काहींची चिंता वाढते, दडपलेल्या आठवणी उसळतात. गंभीर मनोविकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना निवासी शिबिराला जाऊ नये व चालू औषधे परस्पर सोडू नयेत. शिबिराच्या अर्जातही अशा आजारांची माहिती मागितली जाते. मुलांसाठी आनापानाची छोटी शिबिरे वेगळी असतात. महाराष्ट्रातील अनेक शाळांत ‘मित्र उपक्रमा’खाली विद्यार्थ्यांकडून दररोज सुमारे 10 मिनिटे आनापान करवून घेतले जाते.