संपकरी आणि येरळेची वाळू

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांत संप सुरू झाला. त्याचा इतिहास सांगणारे बहुधा परळ-लालबागेतच थांबतात. संप लांबला तसे हजारो कामगार गावी परतले. त्यांचे पुढे काय झाले, हे कोणी फारसे विचारीत नाही.

सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातले संपकरी परतले ते दुष्काळात. ज्याने त्यांना मुंबईस धाडले तोच हा दुष्काळ! तेथे डॉ. भारत पाटणकर आदी कार्यकर्त्यांसह मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. तिने विचारलेला प्रश्न अस्सल कामगाराचा होता: माल कोणाचा आणि नेतो कोण? येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपशीत होते. वाळू ही नदीच्या पोटातली साठवण. ती गेली की पाणी थांबत नाही, काठच्या विहिरी आटतात. बलवडी व तांदुळवाडीच्या लोकांनी उपशाला विरोध केला. थोडकी वाळू गावानेच विकावी आणि त्या पैशातून धरण बांधावे, ही मागणी त्यांनी लावून धरली. सरकारदरबारी झगडून, श्रमदान करून बळीराजा स्मृती धरण उभे राहिले.

मला मात्र भिंतीपेक्षा पाणीवाटपाचा करार मोठा वाटतो. पाणी एकरांवर मोजायचे नाही. भूमिहीनालाही बरोबरीचा वाटा. आणि उसाला पाणी नाही! साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हे ठरवायला छाती लागते.